किनवट ते परळ : लेकराचा कॅन्सर आणि घर

प्रस्तावना

किनवट तालुक्यात लेकराला ब्लड कॅन्सर झाला आहे हे कळायला उशीर होतो, आणि त्याचा दोष सरसकट आईबापांच्या माथी मारता येत नाही. चेहरा पांढुरका पडणं, ताप येऊन जाणं आणि पुन्हा येणं, पाय दुखतात म्हणून रात्री रडणं, कुठे पडल्याझडल्याशिवाय अंगावर निळे डाग उठणं, हिरड्यांतून रक्त येणं. यातलं जवळपास प्रत्येक लक्षण इथल्या आयांच्या ओळखीचं आहे. रक्त कमी असणं तर घरोघरचं. पावसाळा लागला की मलेरिया, टायफॉइड. गोंड, कोलाम, आंध, प्रधान यांच्या वस्त्यांत सिकलसेल आढळतो; त्यातही रक्त कमी होतं आणि हाडं दुखतात. म्हणून गावातला डॉक्टर आधी तापाचं औषध देतो, मग लोहाचं सिरप, मग सलाईन. बहुतेक लेकरं तेवढ्यानं बरी होतात, त्यामुळे त्याचंही फारसं चुकत नाही. सांधे सुजलेत म्हणून कुणी स्टेरॉइड दिलं तर आठ-पंधरा दिवस लेकरू टवटवीत दिसतं आणि निदान आणखी लांबतं. शेवटी कुणीतरी साधी रक्ततपासणी करायला लावतो, पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून क्षणभर गप्प होतो आणि म्हणतो, "आजच्या आज नांदेडला निघा."

हे पुस्तक तिथून सुरू होतं. किनवट आणि माहूर या दोन तालुक्यांतल्या घरांनी आपापल्या तोंडानं सांगितलेल्या हकिकती यात आहेत. ज्यांच्या लेकराला कॅन्सर झाला, ज्यांनी गाव सोडून मुंबईतल्या परळचं टाटा रुग्णालय गाठलं, काहींनी हैदराबाद गाठलं, काहींनी उपचार पुरा केला, काहींनी अर्ध्यावर सोडला, अशी ही घरं आहेत. सांगणाऱ्यांत आया आहेत, बाप आहेत, आज्या आहेत, आणि ज्यांना आजवर कुणी विचारलं नाही ती आजारी लेकराची भावंडंही आहेत. या सगळ्या हकिकती पुन्हा पुन्हा वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि या प्रस्तावनेत मला तेच मांडायचं आहे. लहान मुलाच्या कॅन्सरमध्ये घर हा उपचाराचाच एक भाग आहे. औषधाची जशी मात्रा ठरते, वेळ ठरते, खर्चाची तरतूद होते, तशीच घराचीही व्हायला हवी. ती झाली नाही तर चांगलं औषध हाताशी असूनही लेकरू हातचं जातं.

हे नीट कळण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल.

पाऊणशे वर्षांपूर्वी ल्युकेमिया झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावायचं. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध अशा मुलांना देऊन पाहिलं. १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळापुरता मागे हटला. रक्ताचा कॅन्सर औषधानं हटू शकतो हे जगाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. पुढे १९६०च्या दशकात व्हिन्क्रिस्टीन आलं. ते सदाफुलीपासून काढतात. किनवटच्या कोणत्याही अंगणात, तुळशीच्या शेजारी उगवते तीच सदाफुली. टाटात जाऊन आलेल्या एका आजीनं गावी परतल्यावर ते रोप उपटू दिलं नाही, असं या पुस्तकात एके ठिकाणी आलं आहे. (पानं उकळून पाजू नयेत हेही इथेच सांगून ठेवतो. झाडात विष आहे, आणि औषध थेंबाथेंबानं मोजून द्यावं लागतं.) मग मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी एकेका औषधाऐवजी सगळी औषधं ठरावीक क्रमानं, वर्षानुवर्षं देण्याची पद्धत बसवली, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस जवळपास निम्मी मुलं बरी होऊ लागली.

आपल्याकडची कथा परळला सुरू होते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. त्यांच्या स्मृतीसाठी सर दोराबजी टाटा ट्रस्टनं उभं केलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे मराठवाड्यातले लोक ज्याला नुसतं 'टाटा' म्हणतात त्या दवाखान्याच्या पायाशीच रक्ताचा कॅन्सर आहे. तिथे १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. मात्र आपल्या लेकरांच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट १९८४ ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयान मॅग्राथ आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीचे डॉक्टर यांनी मिळून भारतीय दवाखान्यांना झेपेल असा एक उपचारक्रम आखला. त्याचं नाव एमसीपी ८४१. त्याआधी इथे पाचातलं एखादंच मूल वाचायचं. या उपचारक्रमानं ते प्रमाण निम्म्याच्या आसपास, काही ठिकाणी त्याही वर गेलं. पुढे डॉ. पूर्णा कुरकुरे, डॉ. श्रीपाद बनावली अशा डॉक्टरांच्या पिढीनं बालकर्करोग ही स्वतंत्र शाखा म्हणून रुजवली.

या इतिहासात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. औषध नव्हतं तेव्हा घरावर येणारं संकट काही आठवड्यांचं होतं, दुःखाचं होतं. औषध आलं आणि घराचं काम अडीच-तीन वर्षांचं झालं. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या, दोन ते पाच या वयात जास्त होणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार एवढा काळ चालतो. पहिले काही महिने कडक केमो, दर थोड्या दिवसांनी कंबरेतून पाठीच्या कण्यात सुई, रक्त आणि प्लेटलेटसाठी रक्तदाते शोधणं. मग दीड-दोन वर्षं मेंटेनन्स, म्हणजे रोजच्या गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना दवाखाना. इतका काळ एक माणूस लेकरासोबत, दुसरा कमाईच्या मागे, तिसरा घरी. शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात ही तीन माणसं आणायची कुठून?

त्या पहिल्या महिन्यांचं वर्णन डॉक्टरांच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपतं. आया ते वेगळं सांगतात. लाल रंगाचं औषध चढलं की लघवी लाल होते; पहिल्यांदा पाहिलं की काळजात चर्र होतं, मग वॉर्डातली जुनी आई नव्या आईला सांगते, घाबरू नको गं, औषधाचा रंग आहे. पिवळं औषध चढलं की तोंड येतं, थुंकी गिळवत नाही. स्टेरॉइडच्या आठवड्यांत लेकराचे गाल फुगतात, पोट सुटतं आणि भूक अशी लागते की रात्री दोनला उठून ते पिठलं-भाकरी मागतं. धर्मशाळेत दहा वाजता स्वयंपाकघर बंद होतं. मग आई संध्याकाळीच जास्तीची भाकरी थापून उशाशी झाकून ठेवते. दुसऱ्या औषधाच्या आठवड्यांत तेलकट-तुपकट बंद, आणि नेमकं तेव्हाच लेकराला शेजारच्या खोलीतल्या भज्यांचा वास येतो. रक्तातल्या पेशींचे आकडे, म्हणजे काउंट, पडले की कच्चं काही द्यायचं नाही, पाणी उकळूनच, गर्दीत न्यायचं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, सात अनोळखी घरांसोबत राहून हे पाळायचं. सहा महिन्यांत न शिकलेल्या आया हिमोग्लोबिन, प्लेटलेट, न्यूट्रोफिल यांचे आकडे तोंडपाठ सांगू लागतात. त्यांना शाळेनं जे शिकवलं नाही ते वॉर्डानं शिकवलं. मला त्याचं कौतुक वाटतं आणि त्याच वेळी रागही येतो.

आता अभ्यासकांनी या घरांकडे कसं पाहिलं ते थोडक्यात. पहिला प्रवाह मरणाला सामोरं जाणाऱ्या मनाचा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांचं मृत्यू आणि मरण यांवरचं पुस्तक १९६९ मध्ये आलं आणि नाकारण्यापासून स्वीकारापर्यंतच्या पाच पायऱ्या सगळीकडे पोचल्या. त्या मुळात स्वतः मरणाला सामोरं जाणाऱ्या प्रौढ माणसांविषयी होत्या, पण आईबापांनाही सर्रास लावल्या गेल्या. किनवटच्या हकिकती त्या साच्यात बसत नाहीत. इथली आई सकाळी नवस बोलते, दुपारी केमोची रांग धरते, रात्री म्हणते की हे खोटं आहे, आणि पहाटे उठून पुन्हा रांगेला उभी राहते.

दुसरा प्रवाह मुलांना काय कळतं याचा शोध घेणाऱ्यांचा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर यांनी ल्युकेमियाच्या वॉर्डात राहून १९७८ मध्ये जे लिहिलं ते आजही वाचताना अंगावर येतं. मोठ्यांनी कितीही लपवलं तरी लहान मुलांना आपल्या आजाराचं गांभीर्य कळलेलं असतं. मोठे गप्प आहेत म्हणून मुलंही गप्प राहतात, आणि दोघं एकमेकांसमोर काहीच झालं नसल्याचं नाटक वठवतात. आपल्याकडे हे नाटक आणखी मोठं होतं. डॉक्टर बापाला आत बोलावून सांगतो. बाप बायकोला सांगतो, रक्त कमी आहे. बायकोला मुंबईत दवाखान्याचा बोर्ड पाहिल्यावर कळतं. दोघं मिळून आजीला सांगत नाहीत. आणि लेकरू सगळ्यांची तोंडं पाहून समजून चुकलेलं असतं. या पुस्तकात आता मोठी झालेली एक मुलगी सांगते की तिला शेजारच्या खाटेवरच्या मुलाकडून कळलं होतं, आणि घरच्यांना वाईट वाटेल म्हणून ती वर्षभर बोलली नाही. माझं मत विचाराल तर सांगावं. वयाला झेपेल त्या शब्दांत, पहिल्या आठवड्यातच सांगावं. 'तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्यात, त्या घालवायला औषध आहे, औषधानं केस जातील आणि परत येतील' एवढं पाच वर्षांच्या लेकराला कळतं.

तिसरा प्रवाह आईबापांच्या मनावर झालेल्या आघाताचा. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन केझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लेकरू बरं झाल्यावरही कित्येक वर्षं पालक दचकून उठतात, साध्या तापानं हादरतात. २०१५ मध्ये पाश्चात्त्य तज्ज्ञांनी अशा कुटुंबांच्या मानसिक-सामाजिक सेवेसाठी पंधरा निकष ठरवले. ते चांगले आहेत. त्यांत भावंडांचा विचार आहे, शाळेचा आहे, शोकाचाही आहे. पण मुळात दवाखान्यात पोचता येतं हे त्यांत गृहीत धरलेलं आहे.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा चौथा प्रवाह गरीब देशांतून आला. इटलीतल्या मोंझाचे डॉ. ज्युसेप्पे मासेरा यांनी १९८६ मध्ये निकाराग्वातल्या मानाग्वाच्या ला मास्कोता रुग्णालयाशी नातं जोडलं. तिथे दिसलं की मुलं आजारानं जातात तशीच उपचार सुटल्यामुळेही जातात. बसचं भाडं, राहायची जागा, मागे राहिलेली मुलं, बुडालेली मजुरी यांची सोय लावली की मुलं उपचारात टिकतात. उपचार सोडणं हे पालकांच्या अडाणीपणाचं लक्षण मानायचं थांबलं आणि टाळता येण्याजोगी गोष्ट म्हणून त्याकडे पाहिलं जाऊ लागलं. मला हा विचार या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. टाटातही तेच दिसलं. २००९ च्या सुमारास तिथे येणाऱ्या मुलांपैकी साधारण पाचातलं एक उपचार नाकारत किंवा सोडत होतं. टाटाच्याच इम्पॅक्ट फाउंडेशनमार्फत पैसा, निवारा, जेवण, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाच्या घरी फोन करून चौकशी अशी व्यवस्था उभी राहिली, आणि काही वर्षांतच हे प्रमाण शेकडा पाचांच्या खाली आलं. औषधं तीच होती.

निवाऱ्याबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण हकिकतींमध्ये त्याचाच उल्लेख सर्वांत जास्त वेळा येतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं किनवटमध्ये तालुक्याच्या गावासारखी घेतली जातात. २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केली. तिथे कॅन्सरवर उपचार घेणारं मूल आणि आईबाप यांना विनामूल्य राहता येतं, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येतो. आपल्या हातची भाकरी करता येणं ही या बायकांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे हे या पुस्तकात जागोजागी दिसेल. ज्यांना जागा मिळत नाही ते रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर झोपतात, केमो झालेल्या लेकराला कुशीत घेऊन. हे आजही घडतं.

किनवटची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. जिल्ह्याचं ठिकाण रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरांहून लांब, मध्ये जंगल आणि घाट, पावसाळ्यात पैनगंगेचा पूर. त्यामुळे दुखणं मोठं झालं की इथल्या माणसासमोर तीन-चार वाटा असतात. आदिलाबादवरून हैदराबाद (तिथलं एमएनजे हे सरकारी कॅन्सर रुग्णालय), नागपूर, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, आणि मुंबई. मुंबईला नंदिग्राम एक्सप्रेस आहे. किनवटला बसलं की दादरला उतरता येतं. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, आणि सोबतच्या एकाला पाऊण भाडं माफ करते, हे पहिल्या प्रवासात बहुतेकांना माहीत नसतं. वाट निवडताना माणूस दवाखान्याचा दर्जा कमी आणि भाषा जास्त पाहतो. तेलुगू येणारं घर हैदराबादला जातं, मुंबईत कुणी नातलग असेल तर परळला. गोंडी, कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या आईला मात्र दोन्हीकडे परकंच वाटतं. डॉक्टर इंग्रजीत बोलतो, समाजसेविका हिंदीत, नवरा मराठीत, आणि तिच्यापर्यंत येईतो मूळ वाक्यातलं किती उरलं असेल याचा अंदाजच केलेला बरा.

पैशाबाबत एक ठळक बदल झाला आहे, तो नोंदवला पाहिजे. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. २०२३ मध्ये दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. जुन्या हकिकतींत बैलजोडी विकण्याचा, शेत गहाण टाकण्याचा प्रसंग पहिल्याच महिन्यात येतो. नव्या हकिकतींत तो लांबणीवर पडतो. संपत मात्र नाही. योजना केमोचा खर्च देते. बुडालेला कापसाचा हंगाम, मुंबईतलं दूध आणि फळं, गावी राहिलेल्यांचं किराणा सामान योजनेत बसत नाही. शिवाय कागद. दोन वर्षांच्या लेकराचं नाव रेशनकार्डात चढलेलं नसतं, आधारवरचं आडनाव जुळत नाही, आणि एका अक्षरासाठी बापाला मुंबईहून किनवटच्या तहसीलला परत यावं लागतं. उपचार सुटतो तो बहुधा अशा वेळी. जूनमध्ये पेरणीसाठी म्हणून माणूस गावी येतो, लेकरू हसतं-खेळतं असतं, केस परत आलेले असतात, सगळे म्हणतात बरं झालं की आता, आणि पुढची तारीख चुकते. आजार उलटून येतो तेव्हा दिवाळी झालेली असते.

मागे राहिलेल्या घराबद्दल अभ्यासकांनी फार कमी लिहिलं आहे. आजारी मुलाची दहा-अकरा वर्षांची बहीण शाळा सोडते आणि आजीसोबत चूल सांभाळते. तिला कुणी काही सांगत नाही. आई परत येईल एवढंच. परत आलेली आई टक्कल पडलेल्या भावाला घेऊन येते, त्याच्यासाठी वेगळं ताट, वेगळं पाणी, आणि ती बहीण मनातल्या मनात विचारते, मी आजारी पडले असते तर? हा प्रश्न एका हकिकतीत जसाच्या तसा आला आहे, आणि तो नुसता मनातला राहत नाही. देशभरातल्या कॅन्सर नोंदणीत मुलींपेक्षा मुलगे बरेच जास्त दिसतात, आणि हा फरक केवळ शरीरधर्मानं समजावता येत नाही. काही मुली दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. या पुस्तकासाठी हकिकती जमवतानाही मुलग्यांच्या सहज मिळाल्या, मुलींच्या शोधाव्या लागल्या.

आईवर येणारा ठपका हा वेगळाच भाग आहे. ग्रहण पाळलं नाही, माहूरच्या रेणुकेचा नवस फेडला नाही, बाहेरचं झालं, माहेरच्या रक्तातच काही असेल. भगताकडे जाणाऱ्यांना मी हसणार नाही. जिथे कारण सांगता येत नाही तिथे माणूस कारण शोधतोच. म्हणून इथे स्वच्छ लिहितो. लहान मुलांचा कॅन्सर आईच्या खाण्यापिण्यानं होत नाही, पापानं होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि रेटिनोब्लास्टोमासारखे काही अपवाद सोडले तर तो बहुधा वंशानंही येत नाही. नवस बोला, देवीला जा. गोळी मात्र चुकवू नका.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाची जी चित्रं आहेत ती मुख्यतः पडद्यावरून आली आहेत. १९७१ च्या 'आनंद'नं कॅन्सर म्हणजे सुंदर मरण हे देशभर रुजवलं. २००४ मध्ये पडद्यावर आलेला संदीप सावंत यांचा 'श्वास' मात्र निराळा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट डोळ्याचा कॅन्सर झालेल्या कोकणातल्या मुलाचा आणि त्याच्या आजोबांचा आहे. मरण टळतं, पण दृष्टी जाणार आहे, आणि हे लेकराला सांगायचं कुणी, हा त्यातला पेच. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजारी मुलासोबत असलेल्या माणसाकडे इतकं थांबून पाहणारी दुसरी मराठी कलाकृती मला चटकन आठवत नाही. तरी तीही शस्त्रक्रियेपाशी संपते. घरी परतल्यावरची वर्षं तिथेही नाहीत.

आत्ताच हे पुस्तक का, याचं उत्तर आकड्यांत आहे. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये उद्दिष्ट ठेवलं की २०३० पर्यंत जगभर किमान साठ टक्के मुलं वाचावीत. हे साठ टक्के परळच्या इमारतीत गाठता येणार नाहीत, ती उंची परळनं कधीच गाठली आहे. ते किनवटसारख्या तालुक्यांत गाठावे लागतील. केमो चालू असलेल्या लेकराला ताप येणं ही तातडीची बाब असते. काही तासांत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. मेंटेनन्सवर घरी आलेलं लेकरू तांड्यावर रात्री तापलं, बाहेर पाऊस आहे, तर ते गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तालुक्यातल्या खाजगी डॉक्टरकडे पोचेल. तिथल्या डॉक्टरला एवढं माहीत असायला हवं, परळशी फोनवर बोलता यायला हवं. मोठा दवाखाना आणि गावचा दवाखाना यांनी मिळून लेकरू सांभाळायची ही पद्धत आपल्याकडे अजून कागदावर जास्त आणि प्रत्यक्षात कमी आहे. ज्या लेकरांच्या बाबतीत ती जमली तिथे एखादा डॉक्टर, एखादी आशाताई, एखादा शिक्षक स्वतःच्या हौसेनं उभा राहिला होता.

सगळी लेकरं वाचत नाहीत. या पुस्तकातली काही वाचली नाहीत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, टाटात मुलांच्या वेदनाशमनाचं काम डॉ. मेरी अ‍ॅन मुकादेन यांनी उभं केलं. पण तालुक्याच्या पातळीवर अखेरच्या दिवसांत लेकराची वेदना थांबवणारं औषध मिळणं अजून दुर्मीळ आहे. त्या हकिकती आम्ही गाळल्या नाहीत, आणि त्यांना बोधकथाही केलं नाही.

जी वाचली त्यांची गोष्टही 'बरा झाला' इथे संपत नाही. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो, कारण औषधांचे परिणाम हृदयावर, वाढीवर, अभ्यासावर वर्षानुवर्षांनी दिसू शकतात. गावात मात्र पहिला प्रश्न शाळेचा. मास्तर लांब बसवतात, पोरं टोपी ओढतात. पुढचा प्रश्न लग्नाचा, आणि तो मुलींनाच विचारला जातो. दोन घरांनी याच भीतीनं आपली हकिकत छापायला शेवटच्या क्षणी नकार दिला. तो आम्ही मानला.

पुस्तकाच्या मर्यादा सांगतो. हा वैद्यकीय ग्रंथ नाही. औषधांची माहिती आहे ती घराला समजावी एवढीच. इथे ल्युकेमिया जास्त आणि मेंदूच्या, हाडांच्या, किडनीच्या गाठी कमी आल्या आहेत, कारण भेटलेली घरं तशी होती. गावांची आणि माणसांची नावं नाहीत. गावं इतकी लहान आहेत की पाड्याचं नाव दिलं तरी घर कळतं. बोली जशी होती तशी ठेवली आहे, गोंडी आणि गोरमाटीतून सांगितलेलं मराठीत आणताना सांगणाऱ्यांना पुन्हा वाचून दाखवलं आहे. दवाखान्यांबद्दलच्या तक्रारी आहेत, त्या दवाखान्याचं नाव न घेता आहेत.

वाचण्याचा क्रमही सक्तीचा नाही. आशाताई, अंगणवाडीताई आणि तालुक्यातले डॉक्टर यांनी निदानापूर्वीच्या महिन्यांचा भाग आधी वाचावा. तिथे चुकलेले दिवस आहेत. शिक्षकांनी भावंडांचा भाग वाचावा. ज्यांच्या घरी या आठवड्यातच निदान झालं आहे त्यांनी ही प्रस्तावना आणि पहिले दोन भाग सोडून थेट शेवटच्या परिशिष्टाकडे जावं. गाडीत बसण्याआधी कोणते कागद घ्यायचे, रेल्वेच्या सवलतीसाठी डॉक्टरांकडून काय लिहून आणायचं, पहिल्या दिवशी समाजसेवा विभाग कसा गाठायचा, राहायची जागा मिळाली नाही तर कुणाला विचारायचं, हे तिथे मोठ्या अक्षरांत दिलं आहे. बाकीचं पुस्तक नंतर वाचलं तरी चालेल.